बंदरावरील आकार आणि बंदराची वाट

ज्यानें तहसील कचेरींत कांहीं वर्षें काढलीं आहेत, त्यास दोन तऱ्हेचे अर्ज चांगले परिचयाचे असतात. पहिला अर्ज असा कीं, माझ्या शेतास जावयाची वाट शेजाऱ्यानें नांगरून टाकली, ती मोकळी करून द्यावी. दुसरा असा कीं, गांवच्या आठवडेबाजाराचा लिलाव घेतलेला ठेकेदार ठरल्याहून अधिक पैसे घेतो, त्यास आवर घालावा. पहिल्या अर्जांत वाटेचा प्रश्न आहे, दुसऱ्यांत दराचा. दोन्ही अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जातात, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें ते एकच होत. वाट मोकळी असून तिच्यावर मनमानी आकार घेतला तर वाट असून नसल्यासारखी. आणि आकार माफक ठरवून वाटच अडविली तर तो माफक आकार कागदावरच राहतो. या लेखांत जो विषय मांडावयाचा आहे तो हाच असून, केवळ शेताच्या बांधाऐवजीं समुद्राचा धक्का घ्यावयाचा आहे.

आपला जालना जिल्हा समुद्रापासून सुमारें चारशें किलोमीटर आंत. तेव्हां न्हावा शेवा येथील बंदराचे दर कोणीं व कसे ठरवावे याच्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आपल्या कापसाच्या गांठी परदेशीं जातात त्या त्याच धक्क्यावरून. कडवंचीसारख्या गांवांचीं द्राक्षें परदेशीं गेलीं तर तींहि तेथूनच जावयाचीं. आणि परदेशांतून येणाऱ्या कित्येक वस्तु त्याच धक्क्यावर उतरतात. व्यापारी कापसाचा भाव सांगतो तेव्हां परदेशच्या भावांतून जहाजाचें भाडें, धक्क्यावरील आकार, मोटार अगर रेल्वेचें भाडें हें सर्व वजा करून उरलेलें तो आपल्या पुढें ठेवतो. बंदरावर शंभर रुपये वाढले कीं ते व्यापारी आपल्या पदरचे घालीत नाहीं, आणि परदेशचा गिऱ्हाईकहि सहसा घालीत नाहीं. कारण त्यास दुसऱ्या देशाचा कापूस मिळतो. ते शंभर रुपये ज्यास माल विकल्यावांचून गत्यंतर नाहीं त्याच्या अंगावर पडतात, आणि तो कोण हें वाचकांस सांगावयास नको.

प्रथम कंटेनर म्हणजे काय हें नीट पाहूं. ही एक लोखंडी पेटी होय. तिची लांबी वीस अगर चाळीस फूट, रुंदी आठ फूट, व उंची साडेआठ अगर साडेनऊ फूट. चाळीस फुटी पेटींत कापसाच्या १७० किलोच्या सुमारें दीडशें गांठी बसतात. मोजदाद करितांना वीस फुटी पेटी एक आणि चाळीस फुटी पेटी दोन धरितात. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅकलीन नांवाच्या अमेरिकेंतील एका मोटारवाहतुकीच्या मालकानें ‘आयडियल एक्स’ या जहाजावर अशा ५८ पेट्या नेवार्क बंदराहून ह्यूस्टनला पाठविल्या, तेथून या युगाचा आरंभ धरितात. त्यापूर्वीं गोदींत पोतें पोतें हमालाच्या पाठीवरून चढे व उतरे. जहाजाचे दिवसचे दिवस धक्क्यावर मोडत, माल फुटे व चोरीसहि जाई. पेटी आल्यावर तें काम कांहीं तासांवर आलें, आणि मालास वखारीपासून परदेशच्या वखारीपर्यंत हात लावण्याचें कारण उरलें नाहीं.

हा लाभ खरा आहे. परंतु त्याबरोबर एक अडचणहि आली. पूर्वीं पंचवीस हमाल आणि एक पडाव असला कीं लहानशा खाडींतहि माल चढवितां येई. कोंकणच्या किनाऱ्यावरील कितीतरी जुनीं बंदरें अशींच चालत. पेटीच्या जहाजास मात्र खोल पाणी, लांब धक्का, आणि शेंकडों कोटी रुपयांच्या याऱ्या लागतात. इतकें भांडवल जागोजाग घालतां येत नाहीं. म्हणून पेट्या मोजक्या बंदरांत गोळा होतात, जेथें पेट्या जमतात तेथेंच जहाजें येतात, आणि जेथें जहाजें येतात तेथें पेट्या आणखी जमतात. बाजार समितीच्या आवारांत एकच वजनकांटा असावा आणि प्रत्येक गाडी त्यावरूनच जावी, तशी ही स्थिति होय.

आपल्याकडील तो कांटा म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर. मुंबईच्या जुन्या गोद्यांवर गर्दी मावेना म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यांत तें बांधण्यांत येऊन २६ मे १९८९ रोजीं चालू झालें. २०२४-२५ या सालांत तेथें सुमारें ७३ लाख पेट्यांची ये-जा झाली. ही गणना वीस फुटी पेटीच्या मापानें आहे. या बंदराच्या जमिनीमागें शेतकऱ्यांचा एक इतिहास आहे व तो आपल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. नव्या मुंबईसाठीं व बंदरासाठीं उरण-पनवेल भागांतील भातशेती व मिठागरें घेण्यांत आलीं, तेव्हां दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं तेथील शेतकरी उठले. १९८४ च्या जानेवारींत झालेल्या गोळीबारांत पांच जण बळी पडले. त्या लढ्यांतूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व पुढें आलें. सार्वजनिक कामासाठीं म्हणून ज्याची जमीन सक्तीनें घेतली, त्याच्या जमिनीवर उभी राहिलेली वस्तु सार्वजनिकच राहिली पाहिजे, हें मला महसुलाच्या कामांत शिकलेल्या साऱ्या नियमांहून अधिक सरळ वाटतें. तिचा कारभार कोणी खासगी कंपनी करो अगर सरकार करो, त्यानें हें बंधन सुटत नाहीं.

आतां आकारांकडे वळूं. एका पेटीवर बंदराच्या निमित्तानें बसणारे आकार एका जागीं लिहिलेले क्वचित् आढळतात, म्हणून ते उलगडून सांगतों. जहाजावर जे आकार बसतात, जसें वाटाड्याचा मोबदला, धक्क्याला लागून राहण्याचें भाडें, ते जहाजाचा मालक भरतो व आपल्या भाड्यांत मिळवितो. पेटी यारीनें उचलणें, रचणें, गाडीवर ठेवणें यांचा आकार धक्का चालविणारी कंपनी घेते. पण हा आकार बहुधा ती जहाजकंपनीकडून घेते, आणि जहाजकंपनी मालवाल्याकडून ‘टर्मिनल हँडलिंग’ या नांवाखालीं घेते. या दोन रकमा एकच असतात असें नाहीं, आणि मधला फरक कोणाच्या खिशांत गेला हें मालवाल्यास दिसत नाहीं. मग पेटी ठराविक मोफत दिवसांहून अधिक आवारांत राहिली तर जागेचें भाडें. पेटी जहाजकंपनीची असल्यानें ती उशिरां परत केली तर तिच्या खोळंब्याचा निराळा दंड. आणि शीतपेटी असल्यास विजेच्या जोडणीचा दररोजचा आकार. आपल्यासारख्या नाशवंत मालाच्या धन्यास हा शेवटचा आकार सर्वांत जाचक, कारण वीज तोडा असें तो म्हणूं शकत नाहीं.

येथें एक अनुभव सांगतों. माझ्या आप्तांपैकीं कांहीं बागाइतदारांनीं मिळून एका वर्षीं द्राक्षांची शीतपेटी पाठविली. जहाज चार दिवस उशिरां लागलें. पेटी वेळेंत बंदरांत पोंचल्याची पावती त्यांच्याजवळ होती. तरीहि चार दिवसांचें जागाभाडें व वीज त्यांच्याच नांवें लागली, आणि दलालानें तें बिल पुढें करितांना एवढेंच म्हटलें कीं, वरून असेंच आलें आहे. वरून म्हणजे कोठून, हें विचारतां त्यास सांगतां आलें नाहीं. रक्कम बुडविणारी नव्हती. परंतु ज्या उशिरास आपण कारण नाहीं त्याचा दंड आपण कां द्यावा, या प्रश्नाचें उत्तर देणारा माणूस त्या साऱ्या साखळींत सांपडला नाहीं, हें त्या मंडळींस फार लागलें. दर ठरविणाऱ्या यंत्रणेची गरज काय, असें विचारणारास हें उदाहरण पुरे आहे.

ही गरज नवी नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांत सर मॅथ्यू हेल नांवाचे न्यायाधीश होऊन गेले. बंदरांविषयीं त्यांनीं एक निबंध लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, १७८७ सालीं, छापला गेला. त्यांतील विचार थोडक्यांत असा: एखाद्यानें आपल्या जमिनीवर धक्का बांधला व यारी बसविली, तर तो व गिऱ्हाईक मिळून जो ठरेल तो दर घेण्यास त्यास हरकत नाहीं. परंतु राजाच्या परवान्यामुळें सर्वांस त्याच धक्क्यावर यावें लागत असेल, अगर त्या बंदरांत दुसरा धक्काच नसेल, तर तो धक्का खासगी राहत नाहीं. त्याचा दर वाजवी व माफक असलाच पाहिजे. १८१० सालीं लंडनच्या एका गोदी कंपनीच्या दारूच्या वखारीच्या दाव्यांत तेथील न्यायालयानें हेंच तत्त्व लागू केलें.

पुढें हें तत्त्व समुद्र ओलांडून शेतकऱ्यांच्या उपयोगीं पडलें, ती हकीकत आपल्यासारख्या मंडळास विशेष वाचनीय आहे. अमेरिकेंत १८६७ सालीं ‘ग्रेंज’ नांवाची शेतकऱ्यांची संघटना निघाली. शिकागो शहरीं पश्चिमेकडचें सारें धान्य ज्या उंच यांत्रिक कोठारांतून जाई तीं चौदा कोठारें नऊ पेढ्यांच्या हातांत होतीं, आणि त्या आपसांत दर ठरवीत. रेल्वे कंपन्यांचीहि तीच रीत. शेतकऱ्यांच्या चळवळीमुळें इलिनॉय संस्थानानें १८७१ सालीं कोठारांच्या भाड्याची कमाल मर्यादा कायद्यानें बांधली. मन नांवाच्या कोठारवाल्यानें, माझी खासगी मिळकत, तिचें भाडें ठरविणारें सरकार कोण, असा वाद घातला. तो थेट वरिष्ठ न्यायालयांत गेला. १८७७ सालीं न्यायालयानें त्याच हेल साहेबांच्या निबंधाचा आधार घेऊन निकाल दिला कीं, ज्या मिळकतींत सर्व लोकांचें हित गुंतलें आहे तिच्या दरावर लोकांच्या सरकारास नियंत्रण ठेवितां येतें. दहा वर्षांनीं, १८८७ मध्यें, त्या देशांत रेल्वेच्या दरांसाठीं आयोगच नेमला गेला.

त्या मानानें आपल्याकडे काय झालें? निजामच्या राज्यांत असतांना जालन्याच्या व्यापारावर करोडगिरी बसे. १८०२ च्या तहानें इंग्रज व निजाम यांच्यामध्यें मालाच्या किमतीवर शेंकडा पांच असा तिचा दर ठरला होता. जुने लोक करोडगिरीच्या नाक्यांचा जाच सांगत. पण निदान दर एक होता व तो सर्वांस ठाऊक होता. १३३९ फसलींत हैदराबाद संस्थानानें शेतमालाच्या बाजाराचा कायदा केला, त्यामागें अडत, हमाली, तोलाई यांचे दर उघड असावे, हीच गरज होती. रेल्वेच्या बाबतींत १८९० च्या कायद्यानें कोणत्याहि गिऱ्हाइकास गैरवाजवी झुकतें माप देण्यास बंदी केली, आणि १९२६ सालीं दरांच्या तक्रारी ऐकण्यास सल्लागार समिति नेमली गेली. म्हणजे बाजार, रेल्वे, नाका या तिन्ही ठिकाणीं दरास लगाम घालण्याची रीत आपणांस परकी नाहीं. बंदरें मात्र बहुतेक काळ सरकारी मंडळांच्याच हातीं असल्यानें तेथें वेगळ्या पंचाची निकड भासली नाहीं.

ती भासली खासगी कंपन्या आल्या तेव्हां. १९९७ सालीं न्हावा शेवा येथें एक धक्का परदेशी कंपनीस तीस वर्षांच्या कराराने देण्यांत आला, आणि त्याच वर्षीं मोठ्या बंदरांचे दर ठरविण्यासाठीं स्वतंत्र दरप्राधिकरण स्थापन झालें. त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टॅम्प’ म्हणत. त्याच्या कामांत जे दोन पेंच आले ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला पेंच लिलावाचा. धक्का कोणास द्यावयाचा हें, बंदरास उत्पन्नाचा अधिक हिस्सा कोण देतो यावर ठरे. न्हावा शेव्याच्या पुढील कांहीं करारांत हा हिस्सा उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहूनहि अधिक गेला. आतां आठवडेबाजाराचा लिलाव चढा गेला म्हणजे काय होतें हें आपणांस ठाऊक आहे: ठेकेदार ती रक्कम भाजीवाल्यांकडून काढतो. त्याचप्रमाणें, बंदरास द्यावयाचा हिस्सा हा आमचा खर्चच आहे, तो दरांत धरा, असें कंपन्या म्हणूं लागल्या. तसें धरलें तर ज्यानें अविचारानें बोली वाढविली त्यास कांहींच तोशीस नाहीं, सारा भार मालावर. अखेर सरकारनें असा हिस्सा दरांत धरूं नये असें धोरण ठरविलें, तें माझ्या मतें योग्य होतें. बोली ज्यानें केली त्यानेंच ती सोसावी.

दुसरा पेंच अधिक खोल आहे, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतों. समजा, एका धक्क्याचा वर्षाचा खर्च व भांडवलावरील वाजवी नफा मिळून १०० कोटी रुपये होतात, आणि तो खर्च पेट्या कमी आल्या म्हणून फारसा घटत नाहीं. वर्षांत पांच लाख पेट्या आल्या तर पेटीमागें २,००० रुपये पडतात. दहा लाख आल्या तर १,०००. २००५ च्या नियमांप्रमाणें प्राधिकरण असाच हिशेब करी: खर्च, त्यावर भांडवलाचा शेंकडा पंधरा-सोळा परतावा, भागिले पेट्या. यांत गिऱ्हाइकाचें हित दिसतें खरें, कारण पेट्या वाढल्या कीं दर उतरला पाहिजे. २०१२ च्या आरंभीं याच न्यायानें प्राधिकरणानें न्हावा शेव्याच्या एका धक्क्याचा दर सुमारें ४४ टक्क्यांनीं आणि दुसऱ्याचा सुमारें २८ टक्क्यांनीं उतरविण्याचा हुकूम काढला. कंपन्या न्यायालयांत गेल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, आम्ही अधिक झटून अधिक पेट्या चढविल्या, त्याचें बक्षीस म्हणून आमचा दर कापतां. आणि हें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. ज्या बटाईदारास पीक वाढलें कीं हिस्सा कमी मिळतो, तो दुसरी पाळी घालावयास कशाला जाईल?

म्हणून सरकारनें रीत बदलली. २००८ च्या नियमांनीं, बोलीच्या आधींच नमुनेदार खर्चावरून दर ठरवून द्यावा असें ठरलें. २०१३ मध्यें संदर्भ-दर देऊन, काम चांगलें केल्यास त्यावर कांहीं चढ घेण्याची मुभा आली. परिणाम असा कीं, एकाच बंदरांत शेजारशेजारच्या धक्क्यांवर, कोणता करार कोणत्या सालचा यावरून, निरनिराळे नियम लागू झाले. सातबाऱ्यावर एकाच गट नंबरांत चार प्रकारचे धारणाधिकार लागले असतां जो घोळ होतो तसाच हा. शिवाय गुजराथेंतील मुंद्रा, पिपावाव यांसारखीं बंदरें मोठ्या बंदरांच्या कायद्याखालीं येत नसल्यानें त्यांना हें प्राधिकरण लागूच नव्हतें. आमच्या हातपायांत बेड्या आणि शेजारी मोकळा, ही न्हावा शेव्याची तक्रार तेव्हांपासूनची.

शेवटीं २०२१ चा महाबंदर प्राधिकरण कायदा आला व त्यानें दरप्राधिकरणाची पद्धतच मोडली. आतां बंदराचे स्वतःचे दर बंदराचें मंडळ ठरवितें, आणि नव्या करारांतील खासगी कंपनी बाजाराची स्थिति पाहून आपले दर आपण ठरविते. तंट्यांसाठीं न्यायनिर्णय मंडळाची तरतूद केली. यामागील युक्तिवाद असा कीं, न्हावा शेव्यांतच आतां अनेक धक्के आहेत, पलीकडे गुजराथेचीं बंदरें आहेत, तेव्हां चढाओढच दरास लगाम घालील. हें अर्धें खरें आहे. जहाजकंपनीस अशी निवड आहे. तिला एक धक्का महाग वाटला तर ती दुसऱ्याकडे जाईल. परंतु जालन्याच्या पेटीस मुंद्र्याला जाणें परवडत नाहीं, आणि न्हावा शेव्यांतहि पेटी कोणत्या धक्क्यावर जाईल हें मालवाला ठरवीत नाहीं, जहाज ठरवितें. म्हणजे निवड करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. अशा ठिकाणीं चढाओढीचा लाभ पैसे देणाऱ्यापर्यंत आपोआप पोंचतो, असें मानणें भोळेपणाचें होय. आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाहीं. २०२२ पर्यंत बंदराचा स्वतःचा एक धक्का होता. तो खासगी हातीं गेल्यावर हें बंदर केवळ जमीनदार राहिलें. स्वतःची यारी चालविणारास पेटी उचलण्याचा खरा खर्च काय येतो हें ठाऊक असतें. खंडानें सारी शेती देऊन टाकणाऱ्या मालकास मजुरीचा दरहि हळूहळू विसरतो.

आतां वाटेचा प्रश्न. पेटी धक्क्यापर्यंत मोटारीनें जावी कीं रेल्वेनें, आणि ज्याची गाडी त्यास आंत येऊं द्यावें कीं न द्यावें, हा तो प्रश्न. रेल्वेनें पेट्या वाहण्याचा मक्ता प्रथम एका सरकारी कंपनीकडे होता. ‘कॉनकॉर’ नांवाची ही कंपनी १९८८ सालीं निघाली. आपल्या भागांतील तिचें ठाणें औरंगाबादेजवळ, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, माळीवाडा येथें झालें. २००६ सालीं सरकारनें हा मक्ता मोडून खासगी कंपन्यांनाहि कंटेनरगाड्या चालविण्याचे परवाने देण्याचें धोरण काढलें. परंतु परवाना मिळणें एक आणि वाट मिळणें दुसरें. गाडी आपली, पण रूळ रेल्वेचे. माल चढविण्याचीं बहुतेक ठाणीं जुन्या कंपनीचीं. आणि रूळ वापरण्याचा दर रेल्वेच ठरविणार, जी स्वतः त्या जुन्या कंपनीची मोठी भागीदार. ज्याच्या विहिरीवरून पाणी घ्यावयाचें तोच आपल्या शेजारचा भाजीवाला असावा, अशी ही अवस्था. अमेरिकेंत १९१२ सालीं सेंट लुई येथील खटल्यांत, मिसिसिपी नदीवरील पूल व स्थानकें एका गटानें हस्तगत केलीं असतां, तीं सर्व रेल्वे कंपन्यांना सारख्या अटींवर खुलीं करावीं असा निकाल तेथील न्यायालयानें दिला होता. वाट एकच असेल तर ती सर्वांस सारखी, हा आपल्या मामलेदार न्यायालयाचाहि न्याय आहे. १९०६ चा कायदा अडविलेली वाट मोकळी करवितो, आणि जमीन महसूल संहितेचें कलम १४३ नवी वाट बांधावरून देतें. तेथें अर्जदार लहान कीं मोठा हें पाहिलें जात नाहीं.

मोटारीच्या वाटेवर निराळें विघ्न होतें. आलेली पेटी धक्क्यावरून थेट धन्याकडे न जातां प्रथम जवळच्या खासगी कंटेनर-वखारींत नेली जाई, आणि कोणती वखार हें बहुधा जहाजकंपनी ठरवी. या वखारींचे दर टॅम्पच्या अधिकारांत नव्हते. म्हणजे धक्क्यावरचा आकार पै-पैनें मोजला जाई, आणि रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर कोणीहि विचारीत नसे. २०१६ पासून न्हावा शेव्यास थेट धक्क्यावरून माल देण्याची रीत वाढविण्यांत आली आणि कारखान्यांत भरलेल्या निर्यातीच्या पेट्याहि थेट आंत घेण्याची सोय झाली, ही माझ्या मतें गेल्या दहा वर्षांतील सर्वांत उपयुक्त सुधारणा होय. दर न कापतां केवळ एक मधलें दार काढून टाकल्यानें खर्च कसा उतरतो याचें हें उदाहरण.

यंत्र बिघडलें अगर सरकारचा हुकूम बदलला तर भार कोणी सोसावा, हाहि दराचाच भाग आहे. २०१७ च्या जून महिन्यांत एका जहाजकंपनीच्या संगणकांवर जगभर हल्ला झाला, तेव्हां न्हावा शेव्याचा तिचा धक्का ठप्प झाला. २०२३ च्या डिसेंबरांत कांदानिर्यातीवर एकाएकीं बंदी आली, ती २०२४ च्या मे महिन्यांत उठली; वाटेंत व बंदरांत असलेल्या कांद्याचें काय हा प्रश्न त्या वेळीं नाशकाकडील निर्यातदारांपुढें उभा राहिला. त्याच सुमारास तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें जहाजें आफ्रिकेस वळसा घालून जाऊं लागलीं आणि त्यांचीं वेळापत्रकें कोलमडलीं. या तिन्ही प्रसंगीं शेतकऱ्याचा दोष कांहींच नव्हता, पण पेटीवरचें भाडें घड्याळाप्रमाणें चालूच राहतें.

अमेरिकेंत या बाबतींत २०२२ सालीं कायदा झाला आहे. जागाभाडें व खोळंब्याचा दंड यांच्या बिलावर पेटी केव्हां उपलब्ध झाली, मोफत दिवस कोणते, दर कोणता, तक्रार कोठें करावी, हें सर्व लिहिलें नसेल तर तें बिल देण्याचें बंधन गिऱ्हाइकावर राहत नाहीं. आणि आकार वाजवी आहे हें सिद्ध करण्याची जबाबदारी जहाजकंपनीवर टाकली आहे. त्यासाठीं दर ठरविणारें मोठें कार्यालय लागत नाहीं, फक्त कागद पुरा असावा लागतो. ज्यानें पावत्यांत आयुष्य घालविलें त्याला ही तोड विशेष पटते. आपल्याकडे १९०८ चा बंदर कायदा जाऊन २०२५ मध्यें नवा कायदा झाला आहे, आणि त्यांत दर प्रसिद्ध करण्याची व तंटे मिटविण्याच्या समित्यांची तरतूद आहे. तिच्या नियमांत बिलाचा नमुना ठरवून घेणें हें निर्यातदारांच्या संस्थांइतकेंच शेतकरी मंडळांचेंहि काम आहे.

आतां घरचा विषय. आपल्याच जिल्ह्यांत, दरेगांव-जवसगांव भागांत, जवाहरलाल नेहरू बंदरानें ड्राय पोर्ट, म्हणजे जमिनीवरचें बंदर, योजिलें. २०१५ च्या डिसेंबरांत त्याचा पायाभरणी समारंभ झाला. पुढें राष्ट्रीय महामार्गाच्या माल-व्यवस्थेच्या कंपनीस बरोबर घेऊन त्याचें बहुविध वाहतूक-केंद्र करण्याचें ठरलें. दरम्यान समृद्धि महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग तर निजामाच्या काळापासून आपल्या दारांतून जातो. म्हणजे रस्ता, रूळ व जागा तिन्ही आहेत. येथें पेटीस जकात खात्याची मोहोर लागली कीं ती न्हावा शेव्याला पुन्हां न उघडतां जहाजावर चढावी, हा अशा बंदराचा हेतु होय.

हें केंद्र कोणा एका चालकाकडे सोंपविलें जाईल तेव्हां करार होण्यापूर्वींच आपल्या मंडळानें लेखी विचारावयाच्या कांहीं गोष्टी आहेत, कारण करार झाल्यावर वर्षानुवर्षें तो बदलत नाहीं. रेल्वेच्या फांद्यावर कोणत्याहि परवानाधारकाची गाडी सारख्या आकारानें लागेल, कीं चालकाचीच? वखारीचे, उचलणीचे व विजेचे दर दारावर मराठींत लावले जातील काय? एक पेटी भरण्याइतका माल नसलेल्या लहान बागाइतदारांसाठीं माल एकत्र भरण्याची सोय व शीतगृहांत कांहीं जागा करारानेंच राखून ठेवली आहे काय? जहाज उशिरां लागल्यास मोफत दिवस आपोआप वाढतील, असें कलम आहे काय? आणि चालकाची स्वतःची निर्यातपेढी अगर मोटारकंपनी असल्यास, त्याच्या पेट्या आधीं व आपल्या मागून, असें होऊं नये म्हणून पेट्या येण्याच्या क्रमाची नोंदवही कोणी पाहावी? शेवटचा प्रश्न सर्वांत क्षुल्लक दिसतो, परंतु मला त्याचीच काळजी अधिक वाटते. दर उघड असतो म्हणून त्यावर भांडतां येतें, रांग मात्र रात्रींत बदलते.

तोंवर जे सभासद गटानें पेटी पाठवितात त्यांनीं दलालाशीं लेखी ठराव करावा, त्यांत जहाजाच्या उशिराचा आकार कोणाकडे हें एका ओळींत लिहून घ्यावें, आणि पेटी बंदराच्या फाटकांतून आंत गेल्याची तारीख-वेळेची पावती मूळची आपल्याजवळ ठेवून दलालास तिची नक्कल द्यावी.